चूक कोणाची, भरपाई कोणाला?

वाचकहो, कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील रस्त्यांना निराळेच रूप येते. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून आपल्या जिल्ह्यात शिरतो. त्यावरून रात्रंदिवस परप्रांतांचे अजस्र ट्रक धावतात, आणि त्यांच्याच बाजूने बेला, जैनद, तलमडगू या भागांतील शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ओढीत, आदिलाबादच्या बाजाराकडे हळूहळू निघालेले दिसतात. सवारी ऑटो आहेत, बैलगाड्या आहेत, एका मोटारसायकलीवर तिघे बसून निघालेली तरुण मंडळीही आहेत. अशा रस्त्यावर वर्षभरात कोणत्याच गावावर संकट कोसळले नाही, असे क्वचितच होते.

आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहो तो विषय वकिलांचा आहे, आणि धर्मगुरूने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हाला आमच्याच एका चुकीतून द्यावे लागत आहे.

२०२३ सालच्या हंगामातील गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका गावात, अंधार पडल्यावर, कापसाची ट्रॉली चाकातली हवा गेल्यामुळे रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता. एक पोते तेवढे टांगलेले होते. बत्तीस वर्षांचा एक शेतमजूर मोटारसायकलीने घरी येत असता मागून त्या ट्रॉलीवर आदळला आणि जागच्या जागी गतप्राण झाला. घरी पत्नी, दोन लेकरे व म्हातारी आई. ट्रॅक्टरचा मालक त्याच गावचा, चार एकरांचा धनी, मृताच्या बापाबरोबर एकाच शाळेत शिकलेला.

दफनविधी आटोपला आणि तिसऱ्याच दिवशी गावात दोन पक्ष उभे राहिले. एक पक्ष म्हणे, “दिवा न लावता ट्रॉली उभी केली, म्हणजे त्याने माणूस मारला.” दुसरा म्हणे, “इतक्या वेगाने आला, शिरस्त्राण नाही, समोर उभे असलेले धूड दिसले नाही, यात बिचाऱ्या मालकाचा काय दोष?” मामला हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा दोन्ही घरची मंडळी आमच्याकडे आली. आम्ही समेट घडवून आणला. मालकाने बैलजोडी विकली, घरातले सोने गहाण ठेवले आणि विधवेच्या हाती दीड लाख रुपये ठेवले. कोर्टकचेरी करावयाची नाही, असे दोघांनीही मान्य केले. आम्हाला त्या रात्री मोठे समाधान वाटले. गावात शांती नांदली, असे आम्ही समजलो.

वर्ष उलटून गेल्यावर एक निवृत्त वकील आमच्याकडे मुक्कामाला होते. बोलता बोलता त्यांनी सहज विचारले, “ट्रॅक्टरचा विमा होता का?” आम्ही मालकाला बोलावून विचारले. तो घरी जाऊन ट्रंकेतून कागद घेऊन आला. विमा होता, ट्रॅक्टरचाही आणि ट्रॉलीचाही, आणि अपघाताच्या दिवशी त्याची मुदत संपलेली नव्हती. वाचकहो, तो कागद पाहून आम्ही बराच वेळ काही बोलू शकलो नाही. ज्या संकटासाठी तो मनुष्य वर्षानुवर्षे पैसे भरीत आला, ते संकट प्रत्यक्ष आले असता त्याने बैल विकले. आणि ज्या विधवेला हक्काने कितीतरी अधिक मिळाले असते, तिला आम्ही दीड लाखांवर उठविले. चूक ट्रॉलीवाल्याची की मोटारसायकलवाल्याची, हा वाद गाव अजून करीत आहे. तिसरी चूक कोणाची, हे आम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय अभ्यासिला. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

रस्त्यावर मनुष्य मेला किंवा पंगू झाला तर त्याची भरपाई कशी व्हावी, याविषयी जगात दोन मते आहेत. पहिले मत जुने आहे. ज्याची चूक त्याने भरावे. आणि चूक कोणाची हे न्यायालयाने पुरावा घेऊन ठरवावे. दुसरे मत असे की मोटार हे जात्याच धोक्याचे यंत्र आहे, ते रस्त्यावर आणणाऱ्या सर्वांनी मिळून एक निधी साठवावा आणि त्यातून, चूक कोणाची हे न विचारता, ज्याला इजा झाली त्याला भरपाई द्यावी. पहिल्यास आपण ‘दोष ठरवून भरपाई’ म्हणू, दुसऱ्यास ‘दोष न पाहता भरपाई’.

पहिल्या मताची बाजू हलकी नाही. जो मद्य पिऊन गाडी हाकतो आणि जो सावधपणे चालवितो, त्या दोघांना एकाच तागडीत घालणे न्यायबुद्धीला रुचत नाही. शिवाय दोष सिद्ध झाला तर नुकसानीचे पूर्ण मोल मिळू शकते. परंतु दोष सिद्ध करावयाचा कोणी? जो पाहणारा होता तो मेला. रात्रीच्या अंधारात साक्षीदार नाही. उरलेली बाई अक्षरशत्रू, तिच्यापुढे विमा कंपनीचे निष्णात वकील. तारखांमागून तारखा पडतात, आणि न्याय येऊन पोहोचेपर्यंत मुलाची शाळा सुटलेली असते, शेत सावकाराकडे गेलेले असते.

या अडचणीतूनच दुसरे मत जन्मले. अमेरिकेत दोन कायदेपंडितांनी १९६५ साली ग्रंथ लिहून त्याची रीतसर मांडणी केली, आणि १९७१ च्या आरंभी मॅसॅच्युसेट्स राज्याने ते प्रथम अंमलात आणले. तिकडे मात्र अनुभव संमिश्र आला. मिशिगन राज्याने १९७३ पासून जखमीला जन्मभर अमर्याद औषधोपचाराची हमी दिली. पण विम्याचे हप्ते इतके चढले की २०१९ साली कायदा बदलून लोकांना कमी मर्यादेचा विमा घेण्याची मुभा द्यावी लागली. कोलोरॅडो राज्याने तर २००३ साली ही पद्धत सोडून पुन्हा दोष ठरविण्याची वाट धरली. सर्वांत पुढे गेला तो न्यूझीलंड देश. तेथे १ एप्रिल १९७४ पासून रस्त्यावरच्याच काय, कोणत्याही अपघातात इजा झालेल्याला सार्वजनिक निधीतून उपचार व वेतनाचा बराचसा भाग मिळतो. त्याच्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी दुसऱ्यावर दावा लावण्याचा हक्क लोकांनी सोडून दिला आहे.

आपल्या देशात काय घडले, ते आता पाहू. मोटारीच्या मालकाने तिऱ्हाइताच्या इजेसाठी विमा उतरविलाच पाहिजे, हा नियम १९३९ च्या मोटार कायद्याचा असून तो १९४६ साली अंमलात आला. परंतु विमा असूनही चालकाची चूक सिद्ध झाल्यावाचून पैसा मिळत नसे. मुंबईकडून आलेल्या एका खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितले. पुढे न्यायाधीशांनीच कायदा बदलण्याची गरज बोलून दाखविली, आणि १९८२ साली संसदेने पहिल्याने दोष न पाहता भरपाईचे कलम घातले. मृत्यूस पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार रुपये. रक्कम अल्प होती. पण तत्त्व मोठे होते.

त्या तत्त्वाची कसोटी लागली ती आपल्या महाराष्ट्रातच. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे, पुण्याकडून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सातारा जिल्ह्यात, पेट्रोलचा टँकर व ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला आणि पेट्रोल वाहू लागले. सुमारे चार तासांनी, सकाळी, त्याचा भडका उडाला, आणि जवळ जमलेल्या लोकांपैकी कित्येक भाजून मेले. त्यांत एका मातेचा मुलगा होता. तिने पंधरा हजारांसाठी अर्ज केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. टक्कर निराळी, स्फोट निराळा. उभ्या-आडव्या पडलेल्या टँकरचा ‘वापर’ चालला होता असे कसे म्हणावे, असा तो युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने मातेच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वाहन थांबलेले असले, पडलेले असले, तरी त्याच्या वापरातून उद्भवलेलाच तो अपघात होय, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या गावच्या उभ्या ट्रॉलीला हा निकाल किती जवळून लागू पडतो, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला. त्यातली दोषनिरपेक्ष रक्कम प्रथम पंचवीस हजार, मग १९९४ साली पन्नास हजार झाली. त्याच वर्षी आणखी एक वाट उघडली. वय व उत्पन्न यांच्या कोष्टकावरून, चूक सिद्ध न करता, भरपाई काढण्याची सोय झाली. पण तीत मेख अशी की वार्षिक उत्पन्न चाळीस हजारांच्या आत असलेल्यांनाच ती वाट मोकळी होती, आणि महागाई कित्येक पटींनी वाढली तरी ते कोष्टक २०१८ पर्यंत तसेच राहिले. गरिबांसाठी केलेले दार गरिबांनाच अपुरे पडू लागले. दोष न पाहणाऱ्या पद्धतीचा हा खरा दुबळेपणा आहे. ठराविक रक्कम कागदावर गोठते, आणि बाजार मात्र चालत राहतो.

२०१९ साली संसदेने ही जुनी कलमे काढून टाकून एकच नवे कलम घातले, ते १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आहे. त्याचा क्रमांक १६४. त्याप्रमाणे मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे न विचारता, मालकाने वा त्याच्या विमा कंपनीने द्यावयाचे आहेत. दोष ठरवून भरपाई मागण्याचे जुने दार, म्हणजे कलम १६६, तेही उघडेच आहे. म्हणजे आपल्या देशाने दोन मतांपैकी एकाची निवड केली नाही; दोन्ही दारे ठेवली आणि कोणत्या दाराने जावे हे दुःखी कुटुंबावर सोपविले.

येथेच सावध राहिले पाहिजे. आमच्या गावच्या त्या मजुराचे उदाहरण घेऊन हिशेब मांडू. महिन्याची कमाई बारा हजार धरली तर वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, चाळिशीच्या आतील कष्टकऱ्याच्या कमाईत भावी वाढीसाठी शेकडा चाळीस मिळवावयाचे, म्हणजे दोन लाख एक हजार सहाशे. चार माणसे अवलंबून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा करावयाचा. राहिले एक लाख एकावन्न हजार दोनशे. बत्तीस वर्षांच्या वयासाठी त्यास सोळाने गुणावयाचे. बेरीज होते चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे, आणि अंत्यविधी वगैरेंच्या काही ठराविक रकमा वेगळ्या. दोष सर्वस्वी ट्रॉलीचा ठरला तर इतके. दोष अर्धा अर्धा ठरला तर सुमारे बारा लाख. दोष सर्वस्वी मृताचाच ठरला तर कलम १६६ खाली काही नाही. पण कलम १६४ खाली तरीही पाच लाख. आता आम्ही मिळवून दिलेले दीड लाख या रकमांशेजारी मांडून पाहा.

आणखी एक गोष्ट. पाच लाख स्वीकारून प्रकरण मिटविले की मोठ्या रकमेचा दावा संपुष्टात येतो, असे कायदा म्हणतो. म्हणून चूक उघड उघड दुसऱ्याची असेल, साक्षीपुरावा असेल, मेलेला तरुण व कमावता असेल, तर घाईने सही करू नये. पुरावा दुबळा असेल, घरात उद्याचे पीठ नसेल, तर पाच लाख हातात घेणे शहाणपणाचे ठरेल. हा निर्णय जाणत्या वकिलाला विचारूनच करावा. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत, ही सबब आता चालत नाही. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमाती यांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते.

अपघातानंतर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. पोलिसांत नोंद झालीच पाहिजे. त्या नोंदीची, पंचनाम्याची व शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत घ्यावी. दुसऱ्या वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा आणि त्याच्या विम्याचा कागद पाहावा. दाव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, असे २०२२ पासून कायद्यात आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, तेवढ्याच कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश त्या न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात दिला. तरी त्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये. ठोकर देणारे वाहन पळून गेले असेल तर मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये सरकारी निधीतून मिळतात. त्याचा अर्ज महसूल खात्याच्या दावा-चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. आणि २०२५ च्या मे महिन्यात निघालेल्या योजनेप्रमाणे, जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार पैसे न भरता मिळावयाचे आहेत.

काही ठिकाणी मात्र कायद्याचे छत्र पोहोचत नाही, आणि दुर्दैवाने ती ठिकाणे आपल्याच सवयींची आहेत. लग्नाला, जत्रेला, सणाला आपण पन्नास माणसे ट्रॉलीत भरून निघतो. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले आहे. तशी ट्रॉली उलटली तर सारा भार मालकाच्या डोक्यावर येतो, आणि मालक आपल्यासारखाच गरीब असतो. दुसरे असे की स्वतःच्या मोटारसायकलीवरून स्वतःच घसरून पडलेल्या मालकाला तिऱ्हाइताचा विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा पंधरा लाखांचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा असतो. तो सक्तीचा असूनही पुष्कळजण चुकवितात. तिसरे, ट्रॅक्टरचा विमा उतरवून ट्रॉलीचा न उतरविणे. थोडक्यासाठी केलेली ही काटकसर घरदार घेऊन जाते.

आता पुन्हा मूळ वादाकडे येऊ. दोष पाहावा की न पाहावा? सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्र शिकविताना गुरुजन अंतःकरणातील दोष व कायद्यापुढील दोष यांत भेद करीत. मनुष्याच्या मनात पाप नसताही त्याच्या हातून नुकसान घडू शकते. अशा वेळी विवेक त्याला पापी म्हणत नाही, तरी राज्याचा कायदा भरपाईचा भार त्याच्यावर न्यायाने घालू शकतो. परीक्षेपुरते पाठ केलेले ते वचन आम्हाला त्या ट्रंकेतल्या कागदाने समजावून दिले. गावातल्या लोकांना वाटत होते की भरपाई घेणे म्हणजे मालकाला खुनी ठरविणे, आणि भरपाई देणे म्हणजे खून कबूल करणे. म्हणूनच ते भांडले. दोष न पाहणाऱ्या कायद्याचा सर्वांत मोठा उपकार, आमच्या मते, हाच आहे की तो भाकरीचा प्रश्न भांडणापासून वेगळा काढतो. विधवा आपला हक्क मागते आणि शेजाऱ्याला शिव्याशाप देण्याची तिला गरज उरत नाही.

पण दोषाचा प्रश्न विचारूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. दिव्यावाचून ट्रॉली उभी करणे हा दोष आहे. दारू पिऊन गाडी चालविणे हे पाप आहे, विमा असो वा नसो. जेथे कोणीच कोणाला जाब विचारीत नाही, तेथे रस्ते अधिक सुरक्षित होतील अशी आशा कशी करावी? आमच्या मते क्रम महत्त्वाचा आहे. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमीजवळ तो शोमरोनी थांबला तेव्हा त्याने आधी जखमा बांधल्या. एकटाच या वाटेने का निघालास, असे त्याने विचारले नाही. आणि म्हणून लुटारूंचा अपराध नाहीसा झाला, असेही नाही. आपल्या सरकारनेही २०१९ च्या त्याच कायद्यात जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसी व न्यायालयीन छळापासून संरक्षण दिले आहे. तेव्हा यापुढे महामार्गावर कोणी पडलेला दिसला तर साक्षीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये.

असो. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही विधवेकडे गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. तिने पाणी दिले. मग आम्ही ट्रॅक्टरमालकाकडे गेलो. त्याला वाटले, आता आपल्यावर खटला होणार. विम्याचा अर्थ नीट समजल्यावर तो स्वतःच कागद घेऊन निघाला. एका सकाळी विधवा, तिची सासू, तो मालक व आम्ही असे चौघे एकाच सवारी ऑटोतून आदिलाबादला गेलो. अर्ज दाखल झाला आहे. उशीर झाल्याचा ठपका त्यावर आहेच. निकाल काय लागेल, हे आज सांगता येत नाही. परंतु परत येताना ती दोन्ही घरची माणसे वर्षा-दीड वर्षाने प्रथमच एकमेकांशी बोलत होती, आणि बोलणे कापसाच्या भावाविषयी होते.

या आठवड्यात प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने आपली ट्रंक उघडावी, वाहनाच्या विम्याचा कागद काढावा, त्यावरील तारीख वाचावी आणि तो कोठे ठेवला आहे हे पत्नीला सांगून ठेवावे. ट्रॉलीच्या मागे तांबडा दिवा बसवून घ्यावा. एवढे घडले तर आमच्या चुकीतून कोणाचे तरी भले झाले, असे आम्ही समजू.